काठोकाठ समुद्र

१२ नोव्हेंबर

पोहताहेत! पाचही पोहताहेत!

सकाळी विमानतळावरून पिशव्या आणल्या. फुगलेल्या, गच्च बांधलेल्या. गाडीचा हीटर बंद, म्हणून माझ्या म्हाताऱ्याने एक पिशवी आपल्या फरच्या टोपीत ठेवली. मी ओरडले, तर म्हणतो, "डोकं माझं गारठेल. तुझे मासे नाही गारठायचे." घरी आल्यावर पिशव्या टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग एकेक हळूच सोडला. एकेकाला पाच-पाच मिनिटं लावली. कारखान्यात पाणी उकळायच्या एवढाल्या बाष्पकांची दारं उघडली, तेव्हा कधी एवढा वेळ लावला नाही.

कास्पियनकाठच्या या अकताऊत कोणाच्या घरी खाऱ्या समुद्राचे मासे नाहीत. हॉटेलांत असतील, बँकेच्या मोठ्या दालनात असतील. घरात नाहीत. अकराव्या वसाहतीत, चौथ्या मजल्यावर, ऊमसिनच्या घरी आहेत. हे इथे लिहून ठेवते.

आयुष्यभर काय केलं? कास्पियनचं पाणी उकळलं, वाफ धरली, मीठ मागे ठेवलं, गावाला गोडं पाणी पाजलं. इथे ना नदी, ना ओढा. या गावात ज्याने चहा प्यायला, त्याने माझ्या पाळीचं पाणी प्यायलं. आता निवृत्त झाले आणि त्याच गोड्या पाण्यात स्वतःच्या हाताने मीठ कालवते. म्हातारा हसतो — "साहेबीणबाई, जन्मभर काढलंत, ते आता परत घालताय?"

हसू दे.

१३ नोव्हेंबर

सगळे जिवंत. मीठ बरोबर. पाणी कोमट, बरोबर.

१७ नोव्हेंबर

झोया वरून उतरून आली. येणारच होती. झोया फ्योदोरोव्ना — पाचव्या मजल्यावर राहते, पूर्वी आमच्या कारखान्याची प्रयोगशाळा तिच्याकडे होती. माझ्या पाळीच्या पाण्याची बाटली तिच्याकडे गेली की हमखास चिठ्ठी यायची: 'किंचित जास्त.' काय किंचित, कशापेक्षा जास्त, देव जाणे. मी पाळीप्रमुख होते, तरी त्या चिठ्ठीची धास्ती असायची.

टाकीसमोर उभी राहिली. चष्मा वर, चष्मा खाली. पाण्याचा वास घेतला. मीठ मोजायची नळी स्वतः डोळ्याला लावली. मग म्हणाली, "बरोबर आहे."

झोया म्हणाली, बरोबर आहे!

माशांना नावं ठेवली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोघे — वर आणि वधू, एकमेकांना सोडत नाहीत. गर्द निळा — कर्नल, सगळ्यांवर धावून जातो. पांढरा, शेपटीकडे लाल, पाठीवर उभा तुरा — तुरेवाला. आणि पुढून जांभळी, मागून पिवळी जी आहे, ती विहीणबाई. आमच्या मुलाची, आयदोसची सासू लग्नात अगदी असाच झगा घालून आली होती. नाव म्हाताऱ्याने ठेवलं. मी फक्त हसले.

२४ नोव्हेंबर

आज भांडण. मिठावरून.

म्हाताऱ्याचं म्हणणं — समुद्र पाच मिनिटांवर आहे, बादली बुडवायची आणि आणायची. पिशवीतलं मीठ कसलं विकत आणतेस? समजावलं, की कास्पियनचं पाणी या माशांना फिकं पडतं. झालं! चाळीस वर्षं बंदरात क्रेन चालवलेला माणूस, दर रविवारी गळ टाकून बसणारा. त्याच्या समुद्राला फिकं म्हटलं!

"फिकं? माझा समुद्र फिका?"

"तिपटीने फिका."

"तुझ्या माशांना नाकं मोठी आली आहेत."

मग स्वतःच हसायला लागला. एक चांगलं आहे त्याचं — राग धरून बसत नाही. धरायचा तो मी धरते.

टाकीची वाटणी करून टाकली. पाणी माझं. पंप, दिवे, टाकीच्या मागच्या बाजूचा काळा कप्पा, गाळणीचा स्पंज — हे त्याचं. मागे वाकून बघायला माझी कंबर तयार नाही.

२९ नोव्हेंबर

पाणी अजून थोडं वर नेलं. पुढून पाहिलं की पाण्याची वरची रेघ दिसायची — अर्धवट भरलेल्या पेल्यासारखं वाटायचं. आता अगदी काठोकाठ. रेघ नाही, काही नाही, नुसता समुद्र! दारातून आत येणारा प्रत्येक जण थबकतो.

म्हातारा म्हणाला, "जरा खाली ठेव की. इतकं वर गेलं तर मासे फिरायला निघतील."

"पाण्याची पातळी मला शिकवू नकोस," मी म्हटलं. "वर झाकण आहे. बोटभर फट नाही."

खांदे उडवून चहा प्यायला बसला.

२ डिसेंबर

तुरेवाला दिसत नाही.

३ डिसेंबर

नाहीच. दगडांच्या फटींत विजेरी मारली. जमिनीवर पाहिलं, सोफ्याखाली, गालिच्याखाली. उडी मारून बाहेर पडावा तर झाकण बंद. मेला असता तर तरंगला असता. पाणी तपासलं. निर्मळ. माझ्या पाण्याने मासा मेलेला नाही, एवढं नक्की.

१६ डिसेंबर

सुट्टीचा दिवस. पाहुणे. पिठाचे बाउरसाक तळले, घोड्याचं मटण शिजवलं, शुबातची कॅन गावाकडून आलेली — उंटिणीचं दूध यंदा छान आंबलंय. जुन्या पाळीवरच्या सगळ्या बायका आल्या होत्या. खुर्च्या टाकीकडे तोंड करून मांडल्या. टीव्ही लावलाच नाही.

काय कौतुक झालं! "ऊमसिन-आपा, हे तुम्ही एकटीने?" एकटीने, म्हटलं. म्हातारा कोपऱ्यात मांस कापत होता, त्याने मान हलवली — एकटीने.

आणि तेवढ्यात झोया: "अगं, ती जांभळी-पिवळी कुठंय? परवा तर होती."

मी म्हटलं, दगडामागे झोपली असेल. आणि मटणाचं ताट तिच्याकडे सरकवलं.

पाहुणे गेल्यावर शोधलं. विहीणबाई नाहीत.

१७ डिसेंबर

नाहीत.

५ जानेवारी

सापडला! मारेकरी सापडला!

सकाळी दिवे लागायच्या आत टाकीपुढे गेले, तर मोठ्या दगडाच्या भोकातून एक नांगी बाहेर. केसाळ, काळपट. खेकडा! दगडाबरोबर आलेला, इतके दिवस आत दबा धरून बसलेला. झोयाला वर फोन केला, ती झोपेच्या कपड्यांतच खाली. दोघींनी मिळून पकडला — उंच पेल्यात माशाचा तुकडा, पेला वाळूत तिरका. लबाड आत उतरला, वर चढता येईना. म्हातारा मागे उभा राहून दोघींसाठी टाळ्या वाजवत होता.

"आता काय, उकडायचा?" म्हणाला.

झोयाने पेला छातीशी धरला. "याला काय कळतं? भूक लागली, खाल्लं. मी नेते." काकड्यांच्या लोणच्याची मोठी बरणी धुऊन त्यात ठेवलाय. आठवड्याला एक तांब्या माझं खारं पाणी द्यायचं ठरलंय. म्हणजे आता पाचव्या मजल्यावरही समुद्र आहे — पण माझ्याकडून गेलेला!

शोध माझा. पेल्याची युक्तीही माझी. झोया उद्या सगळ्यांना तिची म्हणून सांगेल, म्हणून लिहून ठेवते.

८ जानेवारी

शांत झोप. कर्नल रुबाबात फिरतोय. पाणी काठोकाठ.

२६ जानेवारी

कर्नल गेला.

खेकडा बरणीत आहे. मी स्वतः वर जाऊन पाहून आले. बसलाय मिशा हलवत. मग कोणी?

२७ जानेवारी

म्हातारा आज टाकीच्या मागे बराच वेळ होता. विचारलं, काय करतोस? "स्पंज धुतोय." सकाळीच तर धुतला होता.

काहीतरी बोलायला आला माझ्याजवळ. "ऊमसिन, ऐक, ते पाणी —" मी म्हटलं, पाणी तेवढं एकच बरोबर आहे या घरात, त्याला बोट लावू नकोस. झोया चहाला बसली होती. त्याने झोयाकडे पाहिलं आणि पुन्हा टाकीमागे गेला.

३ फेब्रुवारी

बाजारात कळलं — सागिंताईने आपल्या चहाखान्यात नवी फिश टँक ठेवली आहे. सागिंताई म्हणजे म्हाताऱ्याचा गळ टाकायचा जोडीदार. भाजी घेऊन घरी आले. डोक्यात मात्र घुमत राहिलं.

६ फेब्रुवारी

आज घडलं ते लिहून ठेवते.

झोया आणि मी दुकानातून लवकर परतलो. दार उघडलं. म्हातारा टाकीपाशी. बाही कोपरापर्यंत वर, हात ओला. एका हातात छोटी जाळी, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेली बरणी. आम्हाला बघून दचकला. चोर दचकतो तसा!

मी पिशव्या खाली टाकल्या. काय काय बोलले, सगळं आठवत नाही. सागिंताईचं नाव घेतलं. म्हटलं, माझे मासे माझ्याच घरातून उचलून दोस्ताच्या चहाखान्यात नेतोस? लोकांसमोर माझी मान खाली घालायला लावतोस? पाहुण्यांसमोर मी खोटं बोलले तुझ्यापायी! म्हटलं — चोर आहेस तू.

तो उत्तर देईल असं वाटलं. नेहमीसारखं काहीतरी विनोदी. तोंड उघडलंही त्याने. मग माझ्या मागे पाहिलं. झोया उभी होती, पाव छातीशी धरून. त्याने बरणी खाली ठेवली. बाही नीट खाली केली, बटण लावलं.

"तू म्हणतेस तर तसंच धर," म्हणाला.

टोपी घेतली, जाड कोट घेतला. "बाउतिनोला जातो. भावाकडे."

दार आपटलंसुद्धा नाही.

झोया म्हणाली, "ऊमसिन, जा की मागे. जिन्यातच असेल."

मी का जाऊ?

९ फेब्रुवारी

फोन नाही. त्याचाही नाही, माझाही नाही.

झोयाला चहाखान्यात पाठवलं. जाऊन आली. "तिथे नुसते साधे सोनेरी मासे आहेत गं, गोड्या पाण्यातले."

म्हणजे दुसरीकडे कुठे दिले.

१३ फेब्रुवारी

बघा म्हणावं! तो गेला, आणि मासे जायचे थांबले. वर आहे, वधू आहे, दोघं ठणठणीत. आणखी कसला पुरावा पाहिजे?

आणि टाकी कशी झळकते आहे! पंपाचा आवाज नाही, काचेवर शेवाळ नाही. मागच्या कामाला पुरुषमाणूस लागतो म्हणे. काही लागत नाही. मी मागे वाकलेसुद्धा नाही, सगळं आपोआप चाललंय. नीट बसवलेलं यंत्र असंच असतं — आमच्या कारखान्यात मी बसवलेल्या पाळ्या मी सुट्टीवर असतानाही चालायच्या.

आयदोसचा फोन आला अल्माटीहून. "बाबा कुठे?" — भावाकडे, मासे धरायला. "या थंडीत?" — तुझा बाप अदाय टोळीचा आहे, थंडी त्याला घाबरते.

१८ फेब्रुवारी

संध्याकाळचं घर खायला उठतं. झोया म्हणाली, चल, रोज समुद्रावर जाऊन येत जाऊ. आज गेलो. खडकांवरून वारा असा, की बोलायला तोंड उघडलं की दात गार. तरी बरं वाटलं. रोज जायचं ठरलं, चहा झाला की.

२५ फेब्रुवारी

खऱ्या विहीणबाई आल्या! रिस्ती — आयदोसची सासू, अराल्स्कहून. कसल्याशा लग्नाला आल्या होत्या, वाट वाकडी करून माझी टाकी बघायला आल्या. म्हणजे तिकडेपर्यंत बातमी पोचली आहे.

हा असा समुद्र दाखवायचा आणि त्यात मासे दोन! मी खूप बोलले — पाणी कसं तयार करते, मीठ कसं मोजते, प्रकाश किती. त्या ऐकत होत्या. तेवढ्यात झोयाला काय अवदसा आठवली — "आणि एक जांभळी-पिवळी होती, तिचं नाव यांनी विहीणबाई ठेवलं होतं!"

जमीन दुभंगावी असं झालं. पण रिस्ती इतक्या हसल्या, की वाटीतला चहा सांडला. "मग मी गेले कुठे?"

"हरवलात," मी म्हटलं. "तुम्हीही, आणि आणखी दोघे."

"चला, बरं झालं. आमचा तर अख्खा समुद्र आटून हरवला, तुमचे तीनच मासे हरवले."

मग हसू ओसरलं. टाकीकडे बघत सांगत राहिल्या. "मी लहान होते, तेव्हा दारातून लाटा ऐकू यायच्या. एका दिवसात नाही गेला तो, विहीणबाई. आज किनारा जरा लांब वाटायचा, उद्या आणखी जरा. आई पाण्याला जायची, यायला उशीर व्हायचा. सगळ्यांना दिसत होतं. बोलत कोणी नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, पहिला शब्द दुसऱ्याने काढावा."

झोयाने सांडलेला चहा पुसला. मी वाट्या पुन्हा भरल्या.

"व्याही कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

बाउतिनोला, म्हटलं. भावाकडे. मासे धरायला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. ते विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

जाताना बाउरसाकची पिशवी दिली. दारात म्हणाल्या, "पाणी सुंदर आहे तुमचं." एवढ्या बायांनी कौतुक केलं, पण हे आतपर्यंत गेलं. ज्यांचा समुद्र गेला, त्यांनी पाण्याला सुंदर म्हटलं.

४ मार्च

हवा कोरडी आहे का? रोज सकाळी पाणी दोन बोटं खाली. मी भरते काठोकाठ, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. इतकं कसं उडतं?

९ मार्च

पुन्हा खाली. पुन्हा भरलं.

१४ मार्च

अमाल. वर्षाचा पहिला दिवस, आमच्या मंगिस्ताव प्रांताचा. सकाळपासून जिन्यात पावलं, दारं उघडताहेत, लोक दोन्ही हात पुढे करून एकमेकांना भेटताहेत — वर्ष सुखाचं गेलं ना? आजच्या दिवशी कोणी कोणावरचा राग उद्यावर नेत नाही. तशी रीतच आहे.

लहानांनी मोठ्यांकडे जायचं. तो माझ्याहून मोठा. म्हणजे रीतीप्रमाणे जायचं मी.

पण चोरी कोणी केली?

दिवसभर माणसं येत होती. दर वेळी दार वाजलं की मीच उघडायला धावले. सगळे आले. तो नाही आला. बाउतिनोहून गाडीने यायला किती वेळ लागतो? ज्याला यायचं असतं, तो येतो.

टेबलावर त्याची चहाची वाटी मांडली होती. संध्याकाळी उचलली, आणि झोयाबरोबर फिरायला गेले.

१७ मार्च

काहीतरी चुकतंय. पाण्यात. माझ्या पाण्यात!

मीठ मोजलं — कमी. नळी पुसून पुन्हा मोजलं — कमी. झोयाच्या डोळ्याला लावली. "किंचित कमी," म्हणाली. आणि या वेळी ते खरं होतं.

पाणी उडतं तेव्हा मीठ जात नाही. मीठ मागेच राहतं! पाणी उडालं तर उरलेलं जास्त खारट व्हायला हवं, फिकं नाही. माझा अख्खा जन्म या एका गोष्टीवर गेला. नव्या पोरापोरींना पहिल्या दिवशी हेच सांगायचे — वाफ मीठ नेत नाही.

मग माझं मीठ कोण नेतंय?

पाणी उडत नाहीये. मिठासकट जातंय. आणि मी वर गोडं पाणी ओतत बसले आहे. म्हणजे गळती! कुठेतरी फट आहे. उद्या सगळं मागून तपासायचं, कंबर मोडली तरी.

१८ मार्च

सकाळी टाकीच्या मागे गेले. जमीन कोरडी. भिंत कोरडी. टाकीखालचं कपाट कोरडं. गळती नाही.

मग मागच्या काळ्या कप्प्याचं झाकण उचललं. विजेरी मारली.

तुरेवाला. विहीणबाई. कर्नल!

तिघंही! जिवंत! पंपाच्या शेजारी, एवढ्याशा अंधाऱ्या जागेत, गोल गोल फिरताहेत. कर्नल उजेडावर धावून आला. तोच! जाडा झालाय मेला. विहीणबाईंचा रंग पूर्वीपेक्षा गडद. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. हसलेसुद्धा. एक मासा मेलेला नाही! माझ्या पाण्यात एकही मासा मेला नाही!

मग दिसली ती रेघ. पुढची टाकी आणि मागचा कप्पा यांच्यामधली काच — तिच्या अगदी वरच्या टोकावर मिठाचा पांढरा थर. म्हणजे पाणी तिच्यावरून जात होतं. मी काठोकाठ भरायचे, तेव्हा ती काच पाण्याखाली बुडायची, आणि मासे तिच्यावरून सहज मागे जायचे. पाणी खाली उतरलं की तिकडेच अडकायचे.

पातळी.

माझी पातळी.

तो म्हणाला होता — जरा खाली ठेव, मासे फिरायला निघतील. आणि ती जाळी, ती बरणी. तो चोरत नव्हता. मागचे मासे काढून पुढे सोडत होता.

तिघांना जाळीने पुढे आणलं. वर आणि वधू आधी दगडाआड लपले, मग बाहेर आले. पाच. पुन्हा पाच. सांगायला घरात कोणी नाही.

१९ मार्च

एक कोडं अजून सुटत नाही. इतके दिवस अंधारात राहून ते जाडे कसे? माझं सकस खाणं पाण्याबरोबर मागे वाहत गेलं असेल, असं काल स्वतःला सांगितलं. पण म्हातारा गेल्यापासून पाणी रोज खाली होतं, काचेवरून काही वाहत नव्हतं. आणि पाणी रोज काढतंय कोण?

झोयाकडे माझी किल्ली असते. सरळ वर गेले. "माझं पाणी तू नेतेस? खेकड्यासाठी?"

झोया लाल झाली. "मी? तुझ्याकडून मिळतो तेवढ्या तांब्यात त्याचं भागतं. मी काय चोर आहे?"

तो शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि तशीच जिना उतरले.

माशांची गोष्ट तिला सांगितली नाही. सांगितली तर पातळीचंही सांगावं लागेल. सगळ्या पाळीला सांगेल ती — ऊमसिनची पातळी चुकली!

२० मार्च

उद्या फोन करीन.

आज करायचा होता. तीनदा नंबर लावला. तीनदा ठेवला. पहिला शब्द काय बोलायचा असतो? कारखान्यात मी कधी माफी मागितली नाही. तशी वेळच आली नाही. मासे मिळाले म्हणून सांगते, असं म्हणेन. बाकीचं तो समजेल. विनोद करेल काहीतरी.

झोयाला मात्र सकाळी सगळं सांगून टाकलं. पातळीसकट. तिने टाकीसमोर जाऊन चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाली, "किंचित जास्त होती म्हणजे," आणि माझा हात धरला.

२१ मार्च

फोन केला. दिराने उचलला.

"दादा? वहिनी, दादा इथे आलाच कुठे! एक दिवससुद्धा नाही. तो तुमच्याच गॅरेजमध्ये आहे, पहिल्यापासून. लोखंडी शेगडी पेटवून राहतो. तुम्ही दुकानात गेलात, नाहीतर संध्याकाळी त्या झोयाबाईंबरोबर फिरायला निघालात, की वर घरी जातो. मागच्या माशांना खायला घालतो — पुढे सोडले तर तुमची चूक उघडी पडेल म्हणून तिथेच ठेवतो — स्पंज धुतो, जास्तीचं पाणी काढतो, म्हणजे उरलेले दोघे तरी पुढेच राहावेत. तुम्ही यायच्या आत परत. मी म्हटलं, सांगून टाक वहिनीला. तर म्हणतो, पाण्यात तिची चूक झाली हे त्या बाईंसमोर कसं सांगू? त्यापेक्षा चोर म्हणू दे."

सारा फेब्रुवारी, आणि आता मार्चही. त्या पत्र्याच्या खोलीत.

चहा झाल्यावर झोया दारात आली, शाल गुंडाळून. "चल ना, उशीर होतोय."

आज फिरायला गेले नाही. टेबलावर त्याची वाटी मांडली.